फुकटची जमीन, महागाचा रस्ता

गावाला रस्ता मंजूर झाला की पहिली रेघ बहुतेक वेळा टेबलावर पडते. उपग्रह नकाशा उघडायचा, गाव आणि जवळचा डांबरी रस्ता यांच्यामध्ये सरळ रेघ ओढायची, आणि ती जिथे कुणाच्या वावरावर येते तिथून सरकवून सरकारी जागेत न्यायची. झुडपी जंगल, गायरान, तलावाचं पोट, नाल्याचा काठ. तिथे मोबदला द्यावा लागत नाही आणि सातबाऱ्यावर कुणा शेतकऱ्याचं नावही नसतं. आम्ही विदर्भात ग्रामीण रस्त्यांची आखणी आणि प्रकल्प अहवाल करतो. या कामात सगळ्यात महागात पडणारा समज हाच: सरकारी जमीन म्हणजे फुकटची जमीन.

म्हणून आमचं काम कागद जमवण्यापासून सुरू होतं, पण अंदाजपत्रकाचे कागद नाही. गावनकाशा, गटनिहाय सातबारे, वनविभागाचा कक्ष नकाशा, आणि सामूहिक वनहक्क मिळाला असेल तर त्या दाव्यासोबतचा नकाशा. शिवाय दोन जुने कागद, जे तहसीलमध्ये मुद्दाम मागावे लागतात: निस्तारपत्रक आणि वाजिब-उल-अर्ज. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत ते कलम १६१ आणि १६५ खाली येतात. गुरं कुठे चरतात, सरपण कुठून आणतात, पाण्याचा आणि वाटेचा हक्क कुणाचा, हे त्यात नोंदलेलं असतं. नकाशावर मोकळी दिसणारी जागा गावाच्या रोजच्या जगण्यात कशी गुंतली आहे, ते इथे कळतं. पुष्कळदा जुनी गाडवाटही याच कागदांत सापडते.

झुडपी जंगलाकडे वेगळं बघावं लागतं. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या सहा जिल्ह्यांत ही नोंद महसुली कागदावर आहे. जमीन महसूलची दिसते, प्रत्यक्षात कधी माळ असतो, कधी पळसाची खुरटी झाडी. त्यामुळे तहसीलदारांचं पत्र मिळालं की काम झालं, असं ठेकेदारापासून सरपंचापर्यंत सगळ्यांना वाटतं. तसं नाही. सर्वोच्च न्यायालयाने २२ मे २०२५ च्या निकालात झुडपी जंगलाच्या जमिनी वनच असल्याचं स्पष्ट केलं आहे. म्हणजे १९८० च्या वन कायद्याखालची परवानगी लागणारच. ती न घेता खडी पसरली आणि मग काम थांबलं, तर उघडी खडी पावसाळ्यात वाहून जाते आणि गावाला पूर्वीच्या पायवाटेपेक्षाही वाईट रस्ता मिळतो.

परवानगीचा हिशेब रुंदीपासून करावा. साधा ग्रामरस्ता उघड्या सपाट मुलखात १२ मीटर पट्टा घेतो. डांबर फक्त ३.७५ मीटर, पण बाजूपट्ट्या, भरावाचे उतार आणि नाल्या धरून पट्टा तेवढा होतो. १२ मीटर रुंदीने १ किलोमीटर म्हणजे १.२ हेक्टर. वनहक्क कायदा २००६ च्या कलम ३(२) नुसार रस्त्यासारख्या सुविधेला १ हेक्टरपेक्षा कमी वनजमीन, हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं तुटणार नसतील तर, ग्रामसभेच्या शिफारशीने देता येते. म्हणजे १२ मीटर पट्ट्याने जंगलातली लांबी ८३३ मीटरच्या आत हवी. ही वाट गावासाठी सगळ्यात जवळची आणि ग्रामसभेच्या हातातली आहे, म्हणून आम्ही आखणी आधी तिच्यात बसते का ते पाहतो. जंगलाच्या तुकड्यात भराव कमी ठेवून पट्टा ९ मीटरवर आणता आला तर १,१११ मीटरपर्यंत जागा मिळते. मात्र एकाच रस्त्याचे दोन प्रस्ताव करून दोनदा १ हेक्टर मागायचं, ही युक्ती करू नये. मोजणीत ते उघडं पडतं आणि ग्रामसभेच्या ठरावावरचा विश्वास उडतो.

मर्यादा ओलांडली की वनपरवानगीच्या परिवेश या केंद्राच्या पोर्टलवरचा लांबचा मार्ग: उपवनसंरक्षक, वनसंरक्षक, नोडल अधिकारी, मग केंद्राचं प्रादेशिक कार्यालय, आधी तत्त्वतः मान्यता, अटी पूर्ण केल्यावर अंतिम. त्यात निव्वळ वर्तमान मूल्य, म्हणजे गेलेल्या जंगलाच्या बदल्यातली रक्कम, भरावं लागतं. २०२२ च्या सुधारित दरांनुसार ते जंगलाच्या प्रकार आणि घनतेप्रमाणे हेक्टरी साधारण ९.५८ लाख ते १५.९६ लाख रुपये आहे. अभयारण्यात त्याच्या पाचपट, राष्ट्रीय उद्यानात दहापट. पर्यायी वनीकरणाचा खर्च वेगळा. अभयारण्य आणि व्याघ्र प्रकल्पात वन्यजीव मंडळाची परवानगीही स्वतंत्र घ्यावी लागते.

कागद झाले की पायी फिरणं, आणि दोन ऋतूंत. उन्हाळ्यात फिरलं तर फक्त जमीन दिसते. पाणी बघायचं तर रोवणीनंतर, ऑगस्टात जावं लागतं.

धानाच्या मुलखात, म्हणजे भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूरच्या पूर्व भागात, रस्ता काय बिघडवतो ते फक्त तेव्हाच समजतं. बांध्या, म्हणजे बांध घातलेली धानाची खाचरं, पायऱ्यांसारख्या उतरत्या असतात. वरच्या बांधीतलं जास्तीचं पाणी धुऱ्यातल्या, म्हणजे बांधातल्या, तोंडातून खालच्या बांधीत जातं, तिथून आणखी खाली. हे पाणी नाल्यातून येत नाही, म्हणून नकाशावर दिसतही नाही. त्याच्या आडवा दोन-तीन फूट उंच भराव टाकला की वरच्या बाजूला धान सडतो आणि खालची बांधी कोरडी पडते. पाइप टाकला तरी तळ कोणत्या पातळीला ठेवला यावर सगळं अवलंबून. फूटभर खाली बसला तर वरच्या बांधीत पाणी थांबतच नाही. फूटभर वर बसला तर तेवढं पाणी पिकात तुंबून राहतं. दोन्हीकडे मालक वेगळे असले की पुढच्या वर्षी एक जण पाइपाचं तोंड मातीने बुजवतो, किंवा दुसरा रात्री रस्ता फोडतो. अभियंता त्याला नुकसान म्हणून लिहितो. शेतकऱ्याकडे दुसरा इलाज नसतो.

म्हणून ऑगस्टातल्या फेरीत जिथून जिथून पाणी ओलांडतं तिथे खुंटी ठोकायची, दोन्ही बांध्यांच्या मालकांना उभं करून पातळी ऑटो लेव्हल या मोजणीयंत्राने घ्यायची आणि साखळीक्रमांकासह, म्हणजे रस्त्याच्या सुरुवातीपासूनच्या अंतरासह, नोंदवायची. अंदाजपत्रकात ठोकळ्याने धरलेल्या मोऱ्यांपेक्षा या जागा नेहमी जास्त भरतात. पाइप १,००० मिलिमीटरपेक्षा लहान घेऊ नये. लहान पाइपात पालापाचोळा अडकला की आत माणूस शिरून साफ करता येत नाही. पाइपावर किमान ६० सेंटिमीटर माती हवी, नाहीतर धानाने भरलेल्या ट्रॅक्टरखाली तो फुटतो. आणि नेमकी हीच माती भरावाची उंची वाढवते. जिथे बांध्यांत तेवढी उंची परवडत नाही, तिथे छोटी स्लॅब मोरी घ्यावी. खर्च वाढतो, पण शेत वाचतं.

याच पट्ट्यात माजी मालगुजारी, म्हणजे मालगुजारांच्या काळातले, तलाव आहेत, आणि तलावाच्या पाळीवरून रस्ता नेण्याचा मोह प्रत्येक वेळी होतो. तयार भराव, सरळ रेघ, जमीन सरकारी. पण ती पाळ पाणी अडवायला घातलेली असते, भरलेल्या ट्रकसाठी नाही. वाहनांनी ती खचते, भेगा पडतात, आणि मग पाटबंधारे आणि बांधकाम असे दोन विभाग एकमेकांकडे बोट दाखवतात. खरी अडचण सांडव्याची. पाळीवरून जायचं तर सांडवा ओलांडावा लागतो. तिथे रपटा, म्हणजे पाणी वरून जाऊ देणारा बुटका पूल, बांधताना तो सांडव्याच्या माथ्यापेक्षा वर गेला तर तलाव वरच्या अंगाला फुगतो. गाळपेर, म्हणजे पाणी ओसरल्यावर गाळात घेतलेलं पीक, आणि वरच्या बांध्या बुडतात. माथा तासून खाली केला तर साठा जातो. २० हेक्टर पाणफुगीच्या, म्हणजे तेवढ्या जागेत पाणी पसरणाऱ्या, तलावाचा माथा ३० सेंटिमीटर उतरवला की ६०,००० घनमीटर पाणी गेलं, म्हणजे ६ कोटी लिटर. धानाचं शेवटचं पाणी त्यातलंच असतं. मासेमारी सोसायटीचंही नुकसान त्यात धरावं, ते कुठल्याच अंदाजपत्रकात नसतं. तलावाच्या वरच्या बाजूने रस्ता नेणं यापेक्षा बरं असं नाही: भरावाच्या कडेची नाली येवा, म्हणजे तलावात येणारं पाणी, गोळा करते आणि दुसऱ्याच नाल्यात नेऊन सोडते.

पश्चिम विदर्भात चित्र वेगळं. यवतमाळ, वाशिम, अकोला, बुलडाण्याच्या काळ्या कपाशीच्या जमिनीत प्रश्न पाण्यापेक्षा मातीच्या फुगण्याचा. ही माती ओली झाली की फुगते, सुकली की हातभर खोल भेगा पडतात. तिची सीबीआर किंमत, म्हणजे भार पेलण्याच्या ताकदीचं माप, बहुधा २ ते ४ टक्क्यांत येते, तेव्हा वरचं जाड बांधकाम आणि खाली मुरुमाचा थर लागतोच. मुक्त फुगवटा, म्हणजे पाण्यात माती किती फुगते ते माप, ५० टक्क्यांवर गेला तर ती माती भरावात वापरायचीच नाही. पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यात हे आणखी त्रासाचं. म्हणून इथे आम्ही माथ्याची रेघ शोधतो. दोन नाल्यांमधली बरड जमीन पिकाला कमी, मुरूम जवळ, पाणी दोन्हीकडे आपसूक उतरतं, मोऱ्या कमी लागतात. जुन्या बैलगाडीच्या वाटा माथ्यानेच जातात, आणि त्यामागे पिढ्यांची पारख आहे. वाट वळणाची असते, लांबी थोडी वाढते, पण दर पावसाळ्यानंतर खड्डे बुजवण्याचा खर्च निम्म्याहून कमी होताना आम्ही पाहिला आहे. सुपीक वावर वाचतं ते वेगळंच.

जनावरांच्या बाबतीत एक चुकीची सवय सगळीकडे दिसते: अभयारण्याच्या हद्दीबाहेर रेघ गेली की वन्यजीवांचा रकाना कोरा सोडायचा. ब्रह्मपुरी वनविभाग कोणत्याही व्याघ्र प्रकल्पात नाही, तरी तिथे वाघ मोठ्या संख्येने आहेत. गडचिरोली–गोंदियाच्या सीमेवर २०२१ पासून छत्तीसगडमार्गे आलेला हत्तींचा कळप फिरतो आहे. दहा वर्षांपूर्वीच्या नकाशात त्यांची वाट असणार नाही. बोर व्याघ्र प्रकल्पातला बाजीराव वाघ २०१७ च्या डिसेंबरात नागपूर–अमरावती महामार्गावर वाहनाच्या धडकेत मेला, तेही व्याघ्र प्रकल्पाच्या बाहेरच. शेतांच्या मधून जाणारा, दोन्ही काठांवर झाडी असलेला साधा नाला हा जनावरांचा रस्ता असतो. उन्हाळ्यात त्याच्या कोरड्या रेतीत ठसे बघायचे, विष्ठा बघायची, गुराखी आणि वनरक्षक दोघांना विचारायचं. गुराख्याला जनावर कोणत्या महिन्यात, कोणत्या वेळेला उतरतं तेही माहीत असतं. असा नाला रस्त्याला आडवा आला तर तिथे पाइप टाकू नये. उघडी, रुंद, तळाशी वाळू-माती तशीच ठेवलेली मोरी किंवा लहान पूल घ्यावा आणि काठावरची झाडी मोरीच्या तोंडापर्यंत राखावी.

मोठ्या रस्त्यावर हे जमतं, याचा पुरावा आपल्या शेजारीच आहे. नागपूर–शिवनी महामार्गावर पेंचच्या पट्ट्यात मनसर ते खवासा दरम्यान जनावरांसाठी ९ रचना बांधल्या. सर्वांत लांब ७५० मीटरची. भारतीय वन्यजीव संस्थेने २०१९ मध्ये कॅमेरे लावून पाहिलं तेव्हा १८ प्रजातींची जनावरं आणि ११ वाघ त्यांखालून ये-जा करताना आढळले. पण हा खर्च राष्ट्रीय महामार्ग पेलू शकतो. ४ किलोमीटरच्या ग्रामरस्त्याला असा पूल कुणी देणार नाही. त्याच्यासाठी उपाय एकच स्वस्त, तो म्हणजे आखणी. रेल्वेचंही उदाहरण आहे: अकोट–खंडवा मार्ग रुंद करताना मेळघाटातली जुनी रेघ सोडून बुलडाणा जिल्ह्यातल्या गावांतून जाणारी बाहेरची रेघ मागितली गेली ती याच कारणाने. लांबी वाढते, पण जंगल वाचतं आणि वाटेत लोकवस्तीही येते.

याचा अर्थ जंगलातल्या गावाला रस्ता नको असा कुणी काढू नये. गडचिरोलीत, मेळघाटात पावसाळ्यात नाले भरले की बाळंतीण खाटेवर वाहून न्यावी लागते, अशी गावं अजून आहेत. अशा ठिकाणी पहिली पसंती असलेल्या वनरस्त्याला. २५ ऑक्टोबर १९८० पूर्वीपासून, म्हणजे वन कायदा लागू होण्याआधीपासून, तो रस्ता होता हे जुन्या टोपोशीटवरून, म्हणजे सर्वेक्षण नकाशावरून, दाखवता आलं तर, रुंदी न वाढवता तो पक्का करण्याचं काम बरंच सोपं होतं. रुंदी ३ मीटर ठेवावी. दिवसाला १०० पेक्षा कमी मोटारवाहनं असलेल्या रस्त्याला ती मानकात बसते. वळणं सरळ करू नयेत, वेग वाढतो. नाल्यांवर चांगले रपटे दिले की गाव तुटत नाही, आणि गावाला हवं असतं ते एवढंच.

आता तुलना. तीन रेघांचा एक नमुना घेऊ, हिशेबासाठी आकडे गोल केले आहेत. पहिली रेघ जंगलातून, ४ किलोमीटर, त्यातला १.५ किलोमीटर वन आणि झुडपी. दुसरी तलावाच्या पाळीवरून, ४.६ किलोमीटर. तिसरी जुन्या पांदणीने टोल्यावरून, म्हणजे गावाबाहेरच्या लहान वस्तीवरून, ६ किलोमीटर.

पहिल्या रेघेत १.८ हेक्टर वनजमीन जाते. निव्वळ वर्तमान मूल्यच १७ ते २९ लाखांच्या मधे, वनीकरण वेगळं, आणि कलम ३(२) ची वाट बंद. तिसऱ्या रेघेवर गावकऱ्याला २ किलोमीटर जास्त पडतात. दिवसाला ३०० वाहनं, त्यातल्या बहुतेक मोटारसायकली, धरल्या तर वर्षाला २,१९,००० वाहन-किलोमीटर जास्त. किलोमीटरला सरासरी ४ रुपये धरले तर ८.७६ लाख रुपये. हा खर्च खरा आहे, दरवर्षीचा आहे, आणि तो लोकांच्या खिशातून जातो. तो लपवून जंगल वाचवल्याचं सांगणं अप्रामाणिक ठरेल.

पण याच तक्त्यात टोला घालून बघा. पहिली रेघ निवडली तर टोल्याला डांबरीपर्यंत यायला १.५ किलोमीटरचा जोडरस्ता वेगळा लागतो, आणि तो दोन-तीन वर्षांत मागितला जातोच. ४ आणि १.५ मिळून ५.५. वाचला तो अर्धा किलोमीटर. शिवाय मोहाची झाडं मोजा. मार्च-एप्रिलात कोणतं झाड कोणत्या घराचं हे गावात ठरलेलं असतं, आणि वनजमिनीवर असल्यामुळे त्या घराला तुटलेल्या झाडाचा मोबदला मिळत नाही. तेंदूपत्त्याची वाट, गुरांची चराई, हे सगळं रुपयांत नेमकं मांडता येत नाही, पण घरांच्या संख्येत मांडता येतं. आम्ही तसंच मांडतो. तक्त्यात आणखी एक ओळ असावी, जी अंदाजपत्रकात कधीच नसते: रस्ता वर्षात किती दिवस पाण्याखाली राहील. खालून जाणारी जवळची रेघ जुलै-ऑगस्टात बंद पडत असेल तर तिचं जवळ असणं शाळेच्या पोरांना आणि १०८ च्या गाडीला उपयोगाचं नाही. भरावाच्या वरचा थर नोंदल्या गेलेल्या पुराच्या पातळीपेक्षा किमान ६० सेंटिमीटर वर राहतो का, हे प्रत्येक रेघेवर तपासायचं.

तिसरी रेघही निर्दोष नाही. तिची झळ लहान शेतकऱ्याला बसते. प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेत जमिनीसाठी पैसा नाही. जमीन लोकांनी द्यायची. एखाद्याच्या एक एकर वावरातून २०० मीटर नवी रेघ गेली तर १२ मीटरने २४ आर जातात. ४० आरांतले २४. त्याला दान म्हणणं अन्याय आहे. तीच रेघ असलेल्या ६ मीटर पांदणीवर बसवली आणि दोन्हीकडून ३-३ मीटर घेतले तर एका बाजूच्या मालकाचे ६ आर जातात. म्हणून पांदण आधी भूमी अभिलेखकडून मोजून घ्यायची. नकाशात ती रुंद असते, जमिनीवर दोन्ही धुरे सरकून बैलगाडीपुरती उरलेली असते. मोजणी झाली की अर्धी जागा पांदणीतच निघते आणि भांडणही कमी होतं. जिथे तरीही कुणाचं वावर निम्म्याहून जास्त जातं, तिथे रेघ हलवायची. ती हलत नसेल तर भूसंपादनाने रीतसर मोबदला मिळवून द्यायचा, संमतीपत्रावर सही घेऊन मोकळं व्हायचं नाही.

हे सगळं ट्रान्सेक्ट वॉकमध्ये गावासमोर ठेवायचं असतं. योजनेत तो सक्तीचा आहे: सरपंच, तलाठी, वनरक्षक, कनिष्ठ अभियंता आणि गावकरी यांनी रेघेवरून पायी चालायचं. बिघडतो तो नेहमी एकाच रीतीने. दुपारी, रोवणीच्या दिवसांत ठेवला की बाया शेतात असतात. जीपमधून निम्मा रस्ता उरकला की ज्यांची जमीन रस्त्याला लागून आहे तेच बोलतात. आम्ही तो सकाळी ठेवतो, बाजाराचा दिवस टाळतो आणि टोल्याकडून सुरू करतो. पाणी भरायची, सरपणाची, शौचाची वाट कुठून जाते हे बायाच सांगतात, आणि त्या सांगण्यावरून रेघ हललेली आहे. तीनही रेघा दाखवायच्या, एकच नाही. सोडलेल्या दोन रेघा का सोडल्या ते ग्रामसभेच्या ठरावात लिहून घ्यायचं. पुढे अधिकारी बदलले की जंगलातली जवळची रेघ परत वर येते, आणि तेव्हा हा ठरावच कामी येतो.

शेवटी मुरूम. चांगली रेघ निवडून मुरूम मात्र शेजारच्या टेकडीवरून, वनजमिनीतून काढला तर वाचवलेलं जंगल खाणीत जातं. प्रकल्प अहवालातच मुरुमाची जागा गट क्रमांकासह लिहायची, गौण खनिजाची परवानगी कुणी काढायची ते लिहायचं. बुलडाणा जिल्ह्यात महामार्गाच्या भरावाला तलाव आणि नाले खोल करून माती-मुरूम घेतला गेला, पाणीसाठाही वाढला. ते करताना वरचा गाळ भरावात जाऊ द्यायचा नाही. तो शेतात टाकायचा, भरावाला खालचा मुरूम. आणि ऑगस्टात ठोकलेल्या खुंट्यांची, प्रत्येक पाइपाच्या पातळीसह, एक यादी ग्रामपंचायतीच्या हातात द्यायची. रस्ता झाल्यावर पाच वर्षं देखभाल ठेकेदाराकडेच असते. पहिल्या पावसात कोणती बांधी तुंबली हे त्या यादीवर ताडून लिहिलं की पाइप बदलून मागता येतो.